‘यू-नो’ खेळायला घेतोयस? मग आधी हे वाच

हा जपानी गेम १९९६ साली पीसी-९८ या जपानी संगणकावर आला. तो फक्त प्रौढांसाठी आहे, आणि ते नुसतं नावापुरतं नाही. काही प्रसंग नात्यांच्या मर्यादा ओलांडतात. मलाही ते खटकले. झेपणार नसेल तर इथेच थांब, त्यात कमीपणा नाही.

आता खरी गंमत. तुझ्या निर्णयांप्रमाणे कथेतल्या काळाला फाटे फुटतात, आणि त्या फाट्यांचा नकाशा सतत समोर असतो. रिफ्लेक्टर नावाच्या यंत्रातला मणी एखाद्या क्षणी खर्च केलास की पुढे कधीही तिथे परतता येतं, आणि परतलास की मणी पुन्हा हातात. एका फाट्यात मिळालेली वस्तू दुसऱ्या फाट्यात कुलूप उघडते. म्हणजे सेव्ह करणं हाच कोड्याचा भाग! मणी मोजकेच असतात, त्यामुळे सुरुवातीलाच उधळू नकोस. महत्त्वाचा निर्णय समोर दिसला की त्याच्या जरा आधी ठेव. मी पहिल्यांदा सगळे भलत्याच जागी ठेवून बसलो आणि तेच तेच संवाद पुन्हा वाचत राहिलो.

कंटाळा येतोच. मूळ आवृत्तीत खोलीतली प्रत्येक वस्तू टिचकी मारून बघावी लागते. शेवटचा मोठा भाग तर सरळ रेषेत पळतो, नकाशाची मजाच संपते. र्‍यू उमेमोतोचं संगीत मात्र शेवटपर्यंत धरून ठेवतं.

इंग्रजी वाचत असशील तर २०१९ ची नवी आवृत्ती घे. ती वापरायला सोपी आहे, चित्रं मात्र मला जुनीच आवडतात.