जखमी जवानांना पोहायला शिकवायला येतोयस तर

ठाण्यात तलावावर मी बरीच वर्षं हे करतोय म्हणून सांगतो, पहिल्या दिवशी स्ट्रोक वगैरे विसर, आधी त्यांनाच विचार व्हीलचेअरवरून पाण्यात कसं उतरायचंय, न विचारता काखेत हात घालून उचलू नकोस. मणक्याला दुखापत असेल तर बऱ्याच जणांना पायाला काही जाणवत नाही, काठाच्या खरखरीत लादीवर घासलं तरी कळत नाही आणि ती जखम महिनोन् महिने भरत नाही, म्हणून जाड मॅट टाक आणि नंतर टाचा बघायला सांग. दुखापत मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल आणि अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला तर लगेच बाहेर काढून ताठ बसव, कॅथेटरची म्हणजे लघवीची नळी दुमडलीय का बघ, डॉक्टरला बोलाव. एक पाय नसला की शरीर एका बाजूला कलंडतं, आधी उताणं तरंगू दे. युद्धाचं काही विचारू नकोस, वाटलं तर ते स्वतःच सांगतात. मी मात्र नवीन जवानाला मुरलीकांत पेटकरांचं आवर्जून सांगतो, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण, आपल्या सांगलीकडचा माणूस. येताना दोन टॉवेल आण.