गंभीर सिनेमा बघताना देखण्या नटावरच नजर खिळते, कथा हातची निसटते. हे चुकीचं आहे का?

अजिबात नाही. क्लोजअप आणि डोळ्यांवरचा प्रकाश नजर खेचण्यासाठीच असतात.

गुलजारांचा 'अचानक' (१९७३) बघा. विनोद खन्ना त्यात फाशीची शिक्षा झालेला लष्करी अधिकारी आहे, खुनी. पण इतका राजबिंडा, की गुन्हा पोटात घालावासा वाटतो. माझ्या मते तिथेच सिनेमा आपल्याला पकडतो: हा माणूस जगावा असं आपल्याला का वाटतंय?

ज्या नानावटी प्रकरणाशी या कथेचं नातं जोडलं जातं, ते आपल्या मुंबईतलंच, १९५९ सालचं: नौदल अधिकारी कावस नानावटींनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या होत्या. या रुबाबदार अधिकाऱ्याला बघायला कोर्टात झुंबड उडायची. ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं (अर्थात 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने त्यांच्या बाजूने उठवलेलं रानही होतंच), हायकोर्टाने ते फिरवलं. खऱ्या खटल्यातही रूपाची भुरळ पडते, मग पडद्यावर पडली तर त्यात लाजायचं काय?

तरीही कथा निसटत असेल तर तो देखणा नट बोलत असताना समोरच्या पात्राचा चेहरा बघा. आणि सिनेमा आवडला असेल तर पुन्हा बघा; दुसऱ्यांदा चेहरा ओळखीचा झालेला असतो, संवाद नीट ऐकू येतात.