नेटवर सापडलेली प्रश्नावली प्रबंधासाठी चालते का?

प्रश्न : एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधासाठी मधुमेही रुग्णांमधलं नैराश्य मोजायचं आहे. बेक डिप्रेशन इन्व्हेंटरीची पीडीएफ नेटवर मिळाली, पण एथिक्स कमिटी परवानगीचं पत्र मागते आहे. फुकट मिळालेल्या फॉर्मला परवानगी कशाला?

उत्तर : कमिटीचं बरोबर आहे. कोणीतरी पीडीएफ चढवली म्हणून ती खुली होत नाही. बेकच्या १९९६ च्या आवृत्तीचे हक्क पिअर्सन या प्रकाशन संस्थेकडे आहेत आणि फॉर्म विकतच घ्यावे लागतात. झेरॉक्सवर दीडशे रुग्णांची माहिती गोळा केलीत आणि पुढे जर्नलने परवाना मागितला, तर सगळी मेहनत अडकून पडते.

तुमच्या कामाला पीएचक्यू-९ ही नैराश्याचीच दुसरी प्रश्नावली घ्या. फायझर या औषध कंपनीच्या अनुदानातून तयार झालेली ही प्रश्नावली छापायला, वाटायला, भाषांतर करायला परवानगी लागत नाही. तसं फॉर्मच्या तळाशीच छापलेलं असतं. ती ओळ अधोरेखित करून फॉर्म कमिटीला जोडा.

गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त गुण आले तर पुढची तपासणी हवी. ते निदान नव्हे. मधुमेहात थकवा, झोपमोड आणि भुकेतले बदल आजारामुळेही होतात, म्हणून या तीन प्रश्नांचे गुण वेगळेही मांडा.

आधी तपासलेलं मराठी भाषांतर मिळतं का ते पाहा. नसेल तर दोघांकडून स्वतंत्र भाषांतर, त्यांचा मेळ, मूळ फॉर्म न पाहिलेल्या तिसऱ्याकडून उलट इंग्रजी भाषांतर, आणि मग पाच-दहा रुग्णांना वाचून दाखवून ‘यातून काय समजलं?’ असं विचारणं, एवढं करावंच लागतं. घोटाळा बहुतेक वेळा पर्यायांत होतो. एक गुणाचा पर्याय ‘काही दिवस’ असा हवा. तिथे ‘बरेच दिवस’ लिहिलंत, की चौदापैकी दहा दिवस त्रास झालेला माणूस त्यावरच खूण करतो. खरं तर तो ‘निम्म्याहून जास्त दिवस’मध्ये, म्हणजे दोन गुणांत बसतो. नऊ प्रश्नांत असं तीन-चारदा झालं, तर बारा गुणांचा रुग्ण आठ-नऊवर येतो आणि तुमच्या हातून सुटतो.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. फॉर्म घेतल्याघेतल्या, रुग्ण समोर असतानाच, तो पाहा. शून्याखेरीज काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी गाठ घालून द्या आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्या. ही व्यवस्था प्रस्तावातही नमूद करा.