महागाई पाव टक्क्यावर आली म्हणतात, मग किराणा स्वस्त का झाला नाही?

साताऱ्याच्या दादांनी विचारलंय की ऑक्टोबर २०२५ ची महागाई ०.२५ टक्के निघाली, मग आमचं किराण्याचं बिल तेवढंच कसं, सरकार आकडे फिरवतंय का, आणि एसटीतून रिटायर झालेल्या वडिलांचं पेन्शनमध्ये दरवर्षी कमीच का पडतंय. मी सांगलीत विश्रामबागला पंधरा वर्षं मेस चालवते, रोजचा भाव वहीत लिहिते, आणि हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो म्हणून सविस्तर लिहिते.

आकडा खोटा नाही. तो दुसऱ्याच गोष्टीचा आहे. आमच्याकडे पावसाळ्यात सगळी सांगली आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी बघत बसते, ४५ फुटाला धोका. आता पाणी ४६ फुटावर गेलं आणि तिथंच थांबलं, तर रेडिओवर सांगतील की वाढ शून्य, पण ज्याच्या घरात पाणी शिरलंय त्याच्या घरातलं ते निघालं का? महागाईचा दर म्हणजे वर्षभरात पाणी किती चढलं तेवढंच, आधीच किती चढून बसलंय ते त्यात दिसत नाही. हिशोबच करा, ऑक्टोबर २०२३ ला जे सामान १०० रुपयाला होतं ते ऑक्टोबर २०२४ ला ६.२१ टक्के महागाईनं १०६ रुपये २१ पैशाला गेलं, त्यावर पुढच्या वर्षी ०.२५ टक्का म्हणजे साधारण १०६ रुपये ४८ पैसे. एकूण हिशोबात उतरलं काहीच नाही. आणि ०.२५ इतकं खाली यायचं एक मोठं कारण म्हणजे आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये भाज्या ४२ टक्क्यांनी चढल्या होत्या, तुलना त्या चढ्या भावाशी झाली म्हणून नवा आकडा बारीक दिसला. सप्टेंबरात जीएसटी कमी झाला त्याचाही थोडा हात आहे.

आता मोजतात कसं. सरकारची माणसं दर महिन्याला ठरलेल्या बाजारात जाऊन ठरलेल्या वस्तूंचे भाव लिहून आणतात, २०१२ पायाभूत वर्षाच्या, म्हणजे त्या वर्षीचे भाव १०० धरून मोजायच्या, मालिकेत शहरातले १,११४ बाजार आणि १,१८१ गावं होती. पण सगळ्या वस्तूंना सारखा मान नसतो, घरं कशावर किती खर्च करतात त्यावरून वजन ठरतं. खाण्यापिण्याचं वजन गावाकडं ५४.१८ होतं आणि शहरात ३६.२९, म्हणजे भाजी तेवढीच महागली तरी खटाव-माणच्या एखाद्या गावाला ती सातारा शहरापेक्षा जास्त लागते. आणि ही वजनं २०११-१२ च्या खर्चाच्या पाहणीवरची, तेव्हा किती घरात मोबाईल डेटाचं रिचार्ज होतं सांगा. आता २०२४ पायाभूत धरून नवी मालिका आलीय, तिच्यात खाण्याचं वजन कमी झालंय. तरी ती देशाच्या सरासरी घराची पिशवी आहे, तुमच्या घराची नव्हे. घाऊक निर्देशांक म्हणतात, म्हणजे घाऊक भावांवरनं काढलेला, तो वेगळाच, त्यात घरभाडं, शाळेची फी, डॉक्टर यातलं काहीच धरत नाहीत, त्यामुळं पेपरात दोन आकडे वेगळे दिसले तर गोंधळू नका.

वाढते कशानं हे मात्र मी रोज बघते. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरीच्या पार गेला, पीक बिघडलं म्हणून, महागाई ७.४४ वर गेली, पुढचं पीक आलं आणि मंडईत भाव पडला. अशी महागाई येते आणि जाते. तेलाचं तसं नाही. आपण खायचं निम्म्याहून जास्त तेल बाहेरनं आणतो, त्यामुळं २०२२ ला युक्रेनात लढाई लागली, सूर्यफुलाची आवक अडली, त्यात एप्रिलअखेर इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात बंद केली, आणि गणपती पेठेत माझ्या १५ किलोच्या डब्याचा भाव दर आठवड्याला नवा. रुपया घसरला तरी तेच, सरकारनं आयात शुल्क वाढवलं तरी तेच.

आणि सगळ्यात चिवट महागाई कुठली म्हणाल तर ती माझ्याच मेसमध्ये बघायला मिळेल. जून २०२२ ला मी महिन्याचा दर २,६०० चा ३,००० केला. पुढच्या वर्षी तेल उतरलं, पण मी दर उतरवला नाही, कारण तोवर चपात्या लाटणाऱ्या मावश्यांचा पगार वाढवला होता, त्यांचंही घरभाडं वाढलं होतं, जागेच्या मालकानं करार नवा केला होता, आणि एकदा वाढवलेला पगार मी कुणाच्या तोंडावर कमी करू. पोरांच्या घरच्यांनी तेवढे पैसे दिले कारण सगळ्याच मेसचे दर वाढलेले. टोमॅटो उतरतो, पगार आणि भाडं उतरत नाही. रिझर्व्ह बँकेनं मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो, ४ वरून ६.५ टक्के केला तो याच्यासाठीच, व्याज वाढवून टोमॅटो पिकत नाही हे त्यांनाही कळतं, पण अजून महागणारच असं धरून प्रत्येकानं आधीच दर वाढवून ठेवू नये, मागणी जरा आवरावी, हा हेतू. कायद्यानं त्यांना महागाई ४ टक्क्यांवर ठेवायचं उद्दिष्ट दिलंय, वर-खाली २ ची सूट. म्हणजे ठरवल्यासारखं सगळं नीट चाललं तरी भाव दरवर्षी थोडे वाढतच राहणार हे धरूनच चाला.

म्हणूनच दादा, तुमच्या वडिलांचा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला. सरकारी नोकरांचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकावरून वर्षातनं दोनदा ठरतो, पण एसटीवाल्यांना मिळते त्या ईपीएस-९५ च्या, म्हणजे पीएफ खात्याकडच्या, पेन्शनला तसं काहीच जोडलेलं नाही, किमान रक्कम २०१४ ला १,००० रुपये केली ती तिथंच. नुसत्या ५ टक्क्यांनी दहा वर्षं भाव वाढले तरी १०० चं सामान १६३ ला जातं. हा अन्याय आहे आणि तो स्पष्ट बोलला पायजे.

तुम्ही एक करा, गेल्या दिवाळीच्या महिन्याचं बिल असेल तर तेच सामान, तेवढंच वजन, आजच्या भावानं मांडा, आणि त्यात औषधं, गॅस, लाइटबिल वेगळं लिहा, म्हाताऱ्या माणसाच्या खर्चात औषधाचा वाटा सरकारी पिशवीपेक्षा बराच मोठा असतो. आकडे इथं टाका, मी हिशोब करून देते.