अर्धं राहिलेलं वाक्य

प्रिय बाळा, सलाम.

तुझा रात्री दीडचा मेसेज मी सकाळी लोकलमध्ये उभ्याउभ्या तीनदा वाचला. चर्चच्या कॅम्पचे एकवीस हजार तुझ्याकडे ठेवायला दिलेले, ते मोबाईलच्या गेममध्ये गेले आणि दोन महिने तू उपासनेला येत नाहीस, म्हणतोस आधी सुधारतो, पैसे भरतो, मग तोंड दाखवतो. पैशाचं बोलूच आपण, पण मला खरं टेन्शन आलं ते त्या 'मग'चं.

कारण तो 'मग' मी काढलाय. तुझ्याएवढी असताना दादरला एका दुकानात काउंटरला होते, गल्ल्यातून रोज दहा-वीस रुपये उचलायचे आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेतात त्या रविवारी पोट दुखतंय सांगून घरी पडून राहायचे, दरवेळी ठरवायचे की पुढच्या महिन्यापासून हात लावणार नाही आणि मग चर्चला जाईन. आठ महिने गेले, तो पुढचा महिना काही आला नाही.

बायबलमधला लूकचा 15 वा अध्याय काढ. बापाचा पैसा उडवून कंगाल झालेला उधळ्या पुत्र डुकरांपाशी बसून काय बोलायचं ते पाठ करतो, बापा मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवायच्या लायकीचा नाही, मला मोलकऱ्यासारखं ठेवा. 19 वं वचन. आता 21 वं बघ, घरी पोचल्यावर तो बोलायला लागतो पण मोलकऱ्याचं वाक्य येतच नाही! बापाने लांबूनच बघून धावत येऊन त्याला मिठी मारलेली असते, आणि वाक्य अर्ध्यावर असतानाच तो नोकरांना झगा आणायला सांगतो. तू दोन महिने तेच मोलकऱ्याचं वाक्य पाठ करतोयस रे.

आपल्या पश्चात्ताप शब्दात 'ताप' आहे ना, म्हणून वाटतं जळत बसलं की झालं. नव्या करारातला ग्रीक शब्द आहे मेतानोइया, मन पालटणं, आणि जुन्या करारात हिब्रूत शूव, मागे वळणं, परत येणं. येशूला पैशासाठी धरून देणारा शिष्य यहूदा, त्यालाही पस्तावा झाला होता, त्याने तर त्याबद्दल मिळालेले तीस रुपयेही परत केले, पण येशूकडे परत गेला नाही. दुसरा शिष्य पेत्र, त्याने येशूला ओळखतच नाही म्हणून तीनदा नाकारलं, ढसाढसा रडला, तरी पुढे किनाऱ्यावर पुन्हा उठलेला प्रभू आहे कळताच होडीतून पाण्यात उडी टाकली त्याने. तिथे कोळशाच्या विस्तवावर मासळी आणि भाकर तयार होती.

पैसे द्यायचेच आहेत, ते सुटत नाही. पण लूकमधल्याच जक्कय जकातदाराचा क्रम बघ, येशू आधी बोलला आज तुझ्या घरी उतरणार, लुबाडलेलं चौपट परत देतो हे जक्कय त्यानंतर बोलला. माझं पण तसंच झालं, पाळकसाहेबांना सांगितलं तेव्हा ते आधी माझ्यासाठी प्रार्थना करत रडले आणि मग माझ्याबरोबर दुकानात आले. नोकरी गेली. पण त्या रात्री मी आठ महिन्यांनी शांत झोपले, आणि आज महिला मंडळाची पेटी माझ्याकडे असते, नाणी मोजताना अजून डोळे भरतात. ही कृपा मी कमावलेली नाही.

गेम आजच काढून टाक, यूपीआयचा पिन आईला बदलायला सांग. खजिनदारांकडे मी येते सोबत, महिन्याला दोन हजार असं लिहून देऊ. हात परत गेला तर लपू नकोस, फोन कर, दीड वाजले असले तरी.

रविवारी सव्वानऊला भायखळा स्टेशनबाहेर पूर्वेला थांबते. डबा आणते, उपाशी ये.

तुझी आंटी