गोव्यात खाणी सुरू झाल्या म्हणतात, मग टिप्पर घ्यावा का?

तुमचा मेहुणा डिचोलीत टिप्पर, म्हणजे खनिज वाहणारा ट्रक, घ्यायचा म्हणतोय आणि खाणी खरंच सुरू झाल्या आहेत का, असं तुम्ही विचारलंय. झाल्या आहेत. पण ट्रकवाल्याचं घर चालेल इतक्या नाहीत. मी या धंद्यात हात पोळून घेतलेला माणूस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

2010-11 साली गोव्यातून 5 कोटी टनांहून जास्त लोहखनिज बाहेर गेलं, बहुतेक चीनला. तेव्हा माझे दोन ट्रक होते. पहाटे चारला खाणीवर रांग लावायची, खनिजाची माती भरून जेटीवर, म्हणजे नदीकाठच्या धक्क्यावर, ओतायची आणि पुन्हा धावायचं. धूळ एवढी की भर दुपारी हेडलाइट लावून चालवायचो, आणि घरी दोरीवरचा पांढरा सदरा संध्याकाळपर्यंत विटेच्या रंगाचा व्हायचा. सप्टेंबर 2012मध्ये सरकारने काम थांबवलं, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. बँकेचा हप्ता मात्र कुणी थांबवला नाही. एक ट्रक तेव्हाच विकला. 2014मध्ये वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली, म्हणून दुसरा ठेवला. फेब्रुवारी 2018मध्ये न्यायालयाने 88 लीजचं, म्हणजे खाणींच्या भाडेपट्ट्यांचं, नूतनीकरण रद्द केलं, 16 मार्चपासून सगळं पुन्हा ठप्प. तो ट्रक भंगारात गेला.

आता लिलावाचं युग आहे. डिसेंबर 2022मध्ये खाणींचे पहिले चार ब्लॉक, म्हणजे पट्टे, लिलावात गेले, पुढच्या वर्षी आणखी पाच. हे ब्लॉक म्हणजे नवे शोध नव्हेत. पोर्तुगीजांच्या काळापासूनच्या जुन्या लीजच नव्याने आखल्या आहेत. बोअर मारतात ते बहुतेक खाली किती माल उरलाय आणि त्यात लोह किती टक्के, हे बघायला. लिलाव जिंकला म्हणून दुसऱ्या दिवशी खोदता येत नाही. पर्यावरण मंजुरी नव्याने, त्यासाठी गावात जनसुनावणी, मग प्रदूषण मंडळ. म्हणून डिचोलीचा ब्लॉक 2022मध्ये जाऊनही तिथलं काम 2024 उजाडल्यावर सुरू झालं.

रस्त्यावर ट्रक दिसतात, त्याने मेहुण्याने हुरळून जाऊ नये. त्यातला बराच माल आधी काढून प्लॉटवर, जेटीवर पडलेला, सरकारने ई-लिलावात विकलेला असतो. तो ढीग संपला की ट्रिपा संपल्या. ट्रक नव्या खाणीचा की जुन्या ढिगाचा, हे ड्रायव्हरलाच विचारायचं, तो खरं सांगतो.

शिवाय आपलं खनिज हलक्या प्रतीचं, बरंचसं 58 टक्क्यांखालच्या लोहाचं. चीनने घेतलं तर ठीक. मे 2022मध्ये केंद्राने त्यावर 50 टक्के निर्यात शुल्क लावलं, ते नोव्हेंबरात काढलं. त्या सहा महिन्यांत मालाला कुणी विचारत नव्हतं.

तेव्हा मेहुण्याला एवढंच विचारा: कुठली खाण, कुठली जेटी, दिवसाला किती ट्रिपा, आणि हे कुणी लेखी दिलंय का? पावसाळ्यात चार महिने ट्रक दारात उभा राहणार, हप्ता त्या हिशेबाने धरा. वाहतुकीचा रस्ता गावातून जात असेल तर आणखी दोनदा विचार करा, धुळीला वैतागलेली माणसं आता गप्प बसत नाहीत. आणि खरं सांगायचं तर त्यांचंही चुकत नाही, खाणीतलं पाणी उपसणारा पंप सुरू असेपर्यंत आमच्या विहिरीचं पाणी तळाला जायचं.

एवढं करूनही जुनाच ट्रक घेणार असाल, तर मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि चासी (खालचा सांगाडा) मेकॅनिकला खाली झोपून बघायला लावा. माझ्या ट्रकचे पाटे चार वर्षांत तीनदा मोडले होते.