मेल अडकला म्हणून फोन रिसेट करू नका

मेलबद्दल वाचकांनी यावेळी विचारलेल्या बहुतेक प्रश्नांत एकच गोंधळ आहे. फोन, त्यातलं जीमेल ॲप आणि गूगलचं खातं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बिघाड एकीत असतो आणि इलाज दुसरीवर चालतो. म्हणून आधी तेच खातं घरातल्या संगणकावर उघडून बघा. तिथे मेल दिसला तर अडचण फोनमध्ये आहे. तिथेही नसेल तर फोनशी झटापट करून काही हाती लागणार नाही.

प्रश्न : जीमेल उघडून बोटाने खाली ओढलं की मेल येतात, एरवी दिवसभर फोन वाजतच नाही. फोन बदलावा का? (राजारामपुरी)

नको. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये तुमच्या पत्त्यावर जा आणि 'सिंक जीमेल'पुढे खूण आहे का बघा. तिथेच नोटिफिकेशनमध्ये 'ऑल' निवडा. 'हाय प्रायॉरिटी ओन्ली' असेल तर गूगलला महत्त्वाचे वाटलेलेच मेल वाजतात. मग फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, जीमेल, बॅटरी असं जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला ॲप मागच्या मागे बंद करतात. शाओमीच्या फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट'ही चालू करावं लागतं. अँड्रॉइड १३ पासून ॲप नोटिफिकेशनची परवानगी विचारतं, तिथे घाईत 'नको' दाबलं गेलं असेल तर तेही तपासा. आणि ते 'बूस्टर', 'क्लीनर' आधी काढून टाका. फोन वेगवान करतो म्हणून ही ॲप जाहिराती दाखवतात आणि चालू असलेली कामं बंद पाडतात.

प्रश्न : फोनमध्ये निम्मी जागा रिकामी आहे, तरी 'स्टोरेज फुल' येतं आणि मला पाठवलेले मेल परत जातात. दुकानदार मेमरी कार्ड घाला म्हणतो. (इचलकरंजी)

मेमरी कार्डाचा इथे काडीचा संबंध नाही. भरलीय ती खात्याची जागा. गूगल फुकट १५ जीबी देतं आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटो तिन्ही येतात. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो, त्यामुळे लग्नाचे व्हिडिओ ग्रुपवर फिरले की मेलची वाट बंद होते. गूगल वन या गूगलच्याच ॲपमध्ये खात्याची जागा बघता येते आणि मोठ्या फायली वेगळ्या दिसतात; त्या काढा आणि 'बिन' म्हणजे काढलेल्या गोष्टींची टोपलीही रिकामी करा, नाहीतर जागा सुटत नाही. एक सांभाळा : गूगल फोटोजमधून काढलेला फोटो फोनमधूनही जातो. आधी पेनड्राइव्हवर घ्या, तो उघडतोय याची खात्री करा आणि मगच काढा. जागा विकत घेण्यात गैर काही नाही, पण साफसफाई आधी. हे पुढे ढकलूही नका, कारण २ वर्षं मर्यादेबाहेर राहिलेल्या खात्यातला मजकूर गूगल पुसू शकतं.

प्रश्न : प्रवेशाचा मेल पाठवलाय म्हणतात, मला दिसत नाही. (सायबर चौक)

'स्पॅम' आणि 'प्रमोशन्स' आज बघा. स्पॅममधला मेल ३० दिवसांनी आपोआप जातो.

प्रश्न : कास्टिंगची ड्रॉइंग आणि फोटो पाठवले की मेल 'क्यूड'वर थांबतो. कधी जातो, पण समोरून परत येतो. (शिरोली एमआयडीसी)

ही दोन दुखणी आहेत. 'क्यूड' म्हणजे मेल अजून तुमच्या फोनमध्येच आहे : नेट कमी पडतंय, डेटा सेव्हर चालू आहे किंवा खात्याची जागा संपलीय. वायफायवर येऊन पुन्हा पाठवा. या वेळी जीमेलचं 'क्लिअर डेटा' दाबू नका, न गेलेला मेल आणि मसुदा जाऊ शकतो. 'क्लिअर कॅश' चालेल. परत येणाऱ्या मेलचं कारण बहुधा आकार. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण मेलमध्ये जाताना फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे २० एमबीची २६-२७ होते. समोरच्या कंपनीच्या सर्व्हरची मर्यादा त्याहून कमी असू शकते. त्यांच्या परचेस विभागाला आकडा विचारा, आणि ड्रॉइंग गोपनीय असेल तर ड्राइव्हची लिंक 'एनिवन'ला उघडी ठेवू नका.

प्रश्न : ऑफिसचा मेल फोनवर घेतल्यापासून संगणकावर दिसेनासा झालाय. (कागल)

फोनवर खातं 'पॉप'ने जोडलं असणार. पॉप मेल उतरवून घेतो आणि बऱ्याचदा सर्व्हरवरून काढतो. 'आयमॅप'ने जोडा, त्यात मेल सर्व्हरवरच राहतो; सेटिंगमध्ये 'पोर्ट' विचारलं की ९९३ भरा; पण फोनमधलं जुनं खातं काढण्यापूर्वी ऑफिसच्या संगणक विभागाशी बोला, नाहीतर उतरलेले मेलही जातील.

प्रश्न : वडिलांच्या फोनवर मेल येईना, म्हणून कुणीतरी सांगितलं तसा बटणं दाबून रिसेट मारला. आता फोन जुनं गूगल खातं मागतो. ते दुकानदारानं काढून दिलं होतं, पासवर्ड आम्हाला ठाऊक नाही. (गडहिंग्लज)

ज्याची धास्ती वाटते तो हाच प्रश्न, आणि तो सारखा येतो. नवा फोन घेतला की काउंटरवरचा मुलगा दोन मिनिटांत खातं काढून देतो. पासवर्ड त्याच्या मनातला, रिकव्हरी नंबर (पासवर्ड विसरला तर ज्यावर कोड येतो तो) कधी दुकानाचा, जन्मतारीख वाटेल ती. गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. पुढे त्याच खात्यावर बँकेचे, विम्याचे, पेन्शनचे मेल येतात. म्हणजे घर तुमचं आणि किल्ली दुसऱ्याकडे. हे थांबलंच पाहिजे.

बटणं दाबून रिसेट केल्यावर जुनं खातं मागणं हा बिघाड नाही, चोरीपासूनचं कुलूप आहे. काही फोन जुना स्क्रीन लॉकही स्वीकारतात, तो आठवून बघा. नाहीतर दुकानदाराकडून पत्ता आणि रिकव्हरी नंबर मिळवा आणि गूगलच्या रिकव्हरी पानावर प्रयत्न करा. तो त्याच घरातून, त्याच वायफायवरून, खातं पूर्वी उघडलं असेल त्या संगणकावर करा. पासवर्ड बदलल्यावर निदान २४ तास रिसेट नको. तेही जमलं नाही तर मूळ बिल घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. 'बायपास करून देतो' म्हणणाऱ्याच्या हातात फोन देऊ नका : कुलूप निघेल, पण खातं परत मिळणार नाही आणि आत काय घातलं ते कळणार नाही.

ज्यांच्या फोनमध्ये खातं अजून उघडं आहे, त्यांनी हे आजच करावं, कारण गूगलचा भरवसा याच फोनवर सगळ्यात जास्त असतो. सेटिंग्ज, गूगल, 'मॅनेज युवर गूगल अकाउंट', सिक्युरिटी. रिकव्हरी फोन स्वतःचा, रिकव्हरी ईमेल घरातल्या विश्वासाच्या माणसाचा. पासवर्ड बदला आणि 'युवर डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी फोन असेल तर साइन आउट करा. नंबर बदलल्यावर ७ दिवस गूगल कोड जुन्या नंबरावरही पाठवू शकतं, म्हणून जुनं सिम बंद करण्याआधी हे उरका. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो; मग तुमचा कोड त्याच्या फोनवर जाईल. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी तपासणी, चालू करून ८ अंकी १० बॅकअप कोड कागदावर लिहा आणि पासबुकाजवळ ठेवा. एक कोड एकदाच चालतो.

प्रश्न : माझ्या पत्त्यातला टिंब दिला नाही तरी मेल येतो. दुसऱ्याला जात असेल का? (मंगळवार पेठ)

नाही. जीमेल टिंब मोजत नाही.

प्रश्न : जीमेलचा कस्टमर केअर नंबर नेटवर मिळाला. तो एक ॲप घ्यायला सांगतो. (शाहूपुरी)

फोन ठेवा. हरवलेलं खातं फोनवरून परत देणारी सेवा गूगलची नाही, आणि ते ॲप तुमची स्क्रीन त्याला दाखवण्यासाठी आहे. घेतलं असेल तर नेट बंद करून ॲप काढा, दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला आणि बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर उद्यावर न टाकता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि सायबर पोलिसांकडे तक्रार द्या.